निनादचा सत्कार

आमच्या तालुक्याच्या बास्केटबॉल संघात यंदा निनाद शेटे हा उंचपुरा, लाजरा पोरगा आला. हंगाम सुरू होण्याआधीच चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागले. पण झालं भलतंच. बाहेरगावी त्याचा चेंडू हमखास बास्केटमध्ये जायचा आणि घरच्या मैदानावर एकही जाईना. असं का होतं, ते कुणालाच कळेना.

अखेर एका सामन्याआधी क्लबचे अध्यक्ष तात्यासाहेब माइकवरून गरजले, "गावानं तुला डोक्यावर घेतलं आणि तू गावातच माती खातोस? कारण सांग, नाहीतर आजपासून संघाबाहेर!"

निनाद खाली बघत म्हणाला, "तात्यासाहेब, आम्ही पळून पळून अंग गरम करतो. मग तुम्ही मला खुर्चीत बसवता, शाल घालता आणि भाषण करता. ते संपेपर्यंत हातपाय आखडतात. बाहेरगावी माझा सत्कार कुणी करत नाही."

प्रेक्षकांत खसखस पिकली. तात्यासाहेब लाल झाले. "मग काय, मी बोलूच नको?"

"बोला की. फक्त सामन्यानंतर बोला. मी आजही चुकलो, तर मला काढल्याचं तेव्हाच जाहीर करा. ते ऐकायला सगळे थांबतील."

हे तात्यासाहेबांना पटलं. सामनाभर ते भाषणाची जुळवाजुळव करत बसले. इकडे निनादचे चेंडू एकामागून एक आत पडत गेले आणि संघ जिंकला.

तात्यासाहेब माइकपाशी आले, "अभिनंदन" म्हणाले आणि खाली बसले. हकालपट्टीशिवाय दुसरं काही त्यांनी तयारच केलं नव्हतं.