लाल बटण

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीचे मालक कानविंदे सर यांनी महिनाभर डोकं उठवलं होतं. खेळताना चांगलं-वाईट निवडायची वेळ आली की वाईटाचं बटण लाल आणि चांगल्याचं हिरवंच हवं.

गेमची गोष्ट लिहिणारी उल्का दहादा म्हणाली, "सर, खेळणाऱ्याला विचार करू द्या."

"रंगाशिवाय लोकांना वाईट कळत नाही."

उल्काने हात टेकले. मग ऑफिसातल्या दिगंबरचा, आईच्या ऑपरेशनसाठीचा, सरांनी कालच नाकारलेला रजेचा अर्ज तिने पुन्हा पुढे ठेवला. 'मंजूर'चा चौकोन हिरवा, 'नामंजूर'चा लाल रंगवलेला.

"हे काय?"

"काल दोन्ही चौकोन पांढरे होते, सर. तुम्हाला कळलं नसेल."

सरांनी हिरव्यात सही केली. संध्याकाळी त्यांचाच निरोप आला, गेममधली दोन्ही बटणं पांढरी करा.