वैमानिक व्हायला निघालेला मास्तर

“माताजी, हा मोह आहे का? एवढंच सांगा.”

माताजींची नजर वाटेवर होती. त्या चालत होत्या.

सन्मती चौगुलेने हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला होता.

निर्वेगमती माताजी सत्तरीच्या जैन आर्यिका. दीक्षा घेतली त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या कुठल्याही वाहनात बसलेल्या नाहीत. अनवाणी चालायचं, चार हात पुढची जमीन बघायची, वाटेत मुंगी-किडा दिसला तर मोरपिसांच्या पिंछीने अलगद बाजूला सारायचा... अशा त्या गावोगाव जात.

त्या दिवशी ऊन वर यायच्या आत त्या नांदणीहून कुंभोजच्या वाटेला लागल्या. रीतीप्रमाणे गावातली दहा-बारा माणसं सोबत निघाली. त्यांत सन्मती होता, आणि बायकांच्या घोळक्यात त्याची बायको त्रिशला, चार वर्षांच्या राजुलला घेऊन.

सन्मतीला हळू चालता येत नव्हतं. दोन वाक्यं बोलेपर्यंत तो माताजींच्या दहा पावलं पुढे गेलेला असायचा. मग परत यायचा. पुन्हा बोलायला लागायचा, पुन्हा पुढे जायचा.

तो तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवायचा. चौदा वर्षं झाली होती. वय अडतीस. महापुराच्या वर्षी तो साठ-सत्तर माणसांबरोबर शाळेच्या गच्चीवर अडकला होता. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. वारा त्याला ढकलत होता, पण ते जागा सोडत नव्हतं. दोर खाली आला, एका बाळंतिणीला वर घेतलं, मग तिच्या बाळाला. सगळी गच्ची त्या दोघांकडे बघत होती. सन्मती वैमानिकाकडे बघत होता.

तेव्हापासून त्याचं मन कशात लागेना. वर्गात शिकवताना लांबून घरघर ऐकू आली की खडू हातातच राहायचा. घरी खुर्चीत बसला तरी पाय हलत राहायचे. दोन वर्षं त्याने गुपचूप अभ्यास केला. सगळे पेपर पहिल्या फटक्यात सुटले. वैद्यकीय तपासणीत पंचविशीतली मुलं परत पाठवली, हा पास झाला. हे सगळं त्याने माताजींना सांगितलं. जरा जास्तच तपशिलात सांगितलं.

आता हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली होती. दीड वर्ष परगावी राहायचं. दीडशे तास उडायचं. मग व्यावसायिक परवाना. सोमवारी हजर व्हायचं होतं.

घरी वडिलांनी बोलणं टाकलं होतं. त्रिशला एवढंच म्हणाली होती, “तुम्हाला हवं ते करा.” त्याने तो होकार धरला होता. पण तो होकार बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. माताजींनी एक शब्द टाकला, की घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद होतील... त्यासाठी तो आला होता.

“मोह असेल तर सांगा. सोडून देतो,” तो म्हणाला. सोडणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

माताजी थांबल्या. मंडळी थांबली. सन्मती पुढे गेला होता, तो परत आला.

“मागे बघ,” माताजी म्हणाल्या.

त्याने बघितलं.

उसाच्या दोन फडांमधून रस्ता सरळ गेलेला. घोळका येऊन थांबला होता. त्याच्याही बरंच मागे त्रिशला एकटी येत होती. राजुल तिच्या खांद्यावर झोपलेली. दुसऱ्या हातात पिशवी. पदर घामाने मानेला चिकटलेला.

ती जवळ आली.

“कधीपासून उचललंस हिला?” त्याने हळूच विचारलं.

“देवळापासून.”

देवळापासून, म्हणजे निघाल्यापासून.

माताजींनी त्रिशलाकडे बघून त्याला विचारलं, “हिला कशाची भीती वाटते?”

“अपघाताची.” हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. रस्त्यावर माणसं किती दगावतात आणि हवेत किती, ते आकडे तो सांगू लागला. माताजींनी पिंछी जराशी उचलली. तो गप्प झाला.

मग त्यांनी तोच प्रश्न त्रिशलाला विचारला.



“अपघाताची नाही, माताजी.”

तिने राजुलला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“लग्नाला नऊ वर्षं झाली. हे रोज साडेपाचला घरी येतात. पण आलेले नसतात. ताटावर बसतात, तिथे नसतात. हिच्याशी खेळतात, तिथेही नसतात. मी मनाला सांगते, नोकरीत जीव रमत नाही, म्हणून असेल. आता यांना हवं ते मिळेल... आणि तरीही हे असेच राहिले तर?”

तिने राजुलला जरा वर सरकवलं.

“मग दोष द्यायला मीच उरते,” ती म्हणाली.

सन्मतीने तोंड उघडलं. असं नाही, हे त्याला सांगायचं होतं. त्यासाठी एखादी संध्याकाळ दाखवायला हवी होती. तो आठवू लागला. कालची, परवाची, मागच्या महिन्यातली... परीक्षेचे पेपर आठवले. आभाळ आठवलं. काल राजुल जेवताना काय बोलली, ते आठवेना.

त्याने हात पुढे केले आणि मुलीला घेतलं.

राजुलने डोळे उघडले. खांदा ओळखीचा वाटला नाही. ती रडू लागली, आईकडे झेपावली. त्रिशलाने तिला परत घेतलं नाही. माताजी चालू लागल्या.

उरलेली वाट सन्मती सगळ्यांच्या मागून चालला. मुलगी हुंदके देत होती. पाय पुढे ओढत होते, तो त्यांना आवरत होता. कुठल्याशा वळणावर राजुलचं डोकं त्याच्या मानेवर टेकलं. तिचा श्वास गरम होता. त्रिशला शेजारून चालत होती.

मुक्कामाचं गाव आलं. सोमवारची जागा त्याने सोडली, आणि पाच महिन्यांनी पुढच्या तुकडीबरोबर तो गेला, हे पुढे सगळ्यांना कळलं. त्या सकाळी मात्र त्याचा बेत मोडला नव्हता. बॅग भरलेली होती.

माताजी देवळाच्या पायरीपाशी थांबल्या. झोपलेल्या मुलीला सावरत तो वाकला.

“वंदामि, माताजी. सोमवारी निघतोय. आशीर्वाद द्या... जाऊन येतो.”

माताजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग राजुलकडे.

“जाऊन येणारे पुष्कळ असतात,” त्या म्हणाल्या. “तू येऊन जा.”