मागचा जोड

डोंगरातल्या आंबेवाडीच्या दूध संस्थेकडे एकच पिकअप होती. सकाळी तिच्यातून दुधाचे कॅन जात आणि कुणी अडलं तर पेशंटही. हादरे झेलणारे चारही शॉकअप केव्हाच गेले होते, पण चेअरमन तात्यासाहेब वाघचौरे खर्चाला तयार नव्हते.

वैशाखात ड्रायव्हर भिवाजीनं आपल्या लेकीला, हौसाला, बाळंतपणासाठी मागं हौद्यात झोपवून नेलं. गाडी कितीही सावकाश हाकली तरी घाट उतरेपर्यंत पोर पोटातच गेलं.

तात्यासाहेब भेटायला आले. म्हणाले, "घाट आहे भिवाजी, हादरे बसायचेच. माणसानं सोसायला शिकावं."



पावसाळ्यानंतर तात्यासाहेबांचीच कंबर धरली आणि शॉकअपचा एक जोड लगेच मंजूर झाला. "चांगला बघून आण आणि पुढं बसव," त्यांनी बजावलं. भिवाजीनं तालुक्याहून जोड आणला आणि स्वतः गाडीखाली शिरून बसवला.

दुसऱ्या दिवशी घाटातल्या पहिल्याच खड्ड्याला पुढं बसलेल्या तात्यासाहेबांचं डोकं टपाला आपटलं.

"नवे शॉकअप कुठं गेले?"

"मागचे आणले. मागंच बसवले."

"मी पुढं बसवायला सांगितलं होतं ना?"

"पुढच्या माणसाला 'गाडी थांबव' म्हणता येतं, तात्यासाहेब. हौसाच्या पोटातल्याला म्हणता आलं नाही."

तात्यासाहेबांनी कंबर दाबून धरली. "अरे, पण माझी कंबर मोडली त्याचं काय?"

भिवाजीनं रस्त्यावरची नजर हटवली नाही.

"घाट आहे, तात्यासाहेब. हादरे बसायचेच."