घामाचा थेंब नसलेला पहिलवान

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक रानडुक्कर राहत असे. मान जाड, सुळे धारदार आणि बढाई त्याहून मोठी. एका वैशाखात जंगलातला एकुलता एक पाणवठा आटला. खाली झरा होता, पण त्यावर गाळाचा जाड थर बसला होता. पिल्लांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. आता मुलांनो, जमीन उकरण्यात रानडुकराचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याने पहाटेच काम सुरू केले आणि ऊन चढेपर्यंत स्वतःच्या पोटाइतका खोल खड्डा खणला.

"बाळा, आता सावलीत ये. ऊन उतरलं की पुन्हा लाग," म्हातारी रानम्हैस म्हणाली.

"आजी, थांबायचं ते दमलेल्यांनी! एवढं खणलं, पण माझ्या अंगावर घामाचा एक थेंब तरी दिसतो का?"

झाडावरच्या माकडांनी वाकून वाकून पाहिले. खरेच, एकही थेंब नव्हता! "वा रे पहिलवान!" म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या, अर्थात सावलीत बसूनच.

रानडुक्कर फुशारले आणि भर दुपारी खणू लागले. पण पहाटे एका फटक्यात निघणारे ढेकूळ आता दहा फटक्यांनीही हलेना. 'दुपारची माती घट्ट होत असावी,' असे त्याला वाटले. त्याचे कान तापले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. उकरलेली माती बाहेर टाकायची सोडून ते ती खड्ड्यातच ढकलू लागले.

"पहिलवान, खड्डा बुजत चाललाय!" एक माकड ओरडले.

"गप्प बस! मी उलट्या बाजूने खणतोय!" असे म्हणत ते बाहेर आले, समोरच्या वारुळापुढे अदबीने वाकले, "रामराम मावशी, कधी आलात?" एवढे विचारले आणि धाडकन कोसळले.

माकडे भराभर झाडावरून उतरली. म्हशीने त्याला शिंगांनी लोटत सावलीत आणले आणि सकाळी उपसलेला ओलसर गाळ त्याच्या अंगभर थापला. माकडे पळसाच्या पानांनी वारा घालू लागली. दिवस कलला तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"आजी, ताकद तर सकाळचीच होती. मग असं कसं झालं?"

"ताकद होती रे, पण अंगाची भट्टी झाली होती. तापलेलं अंग आधी स्वतःला निववायला धडपडतं, कामाला त्याच्याकडे जोर उरत नाही. आणि घाम येत नाही म्हणून कसला मिरवतोस? घामाने अंग थंड होतं. ज्याला घाम येत नाही, त्याने तर उन्हाला दुप्पट भ्यावं!"

रानडुक्कर खजील झाले. त्यानंतर ते पहाटे आणि संध्याकाळीच खणू लागले. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाळातून पाणी पाझरले. आधी पिल्ले प्यायली, मग बाकीचे. इतक्यात सूर्य वर आला.

"अजून थोडं खोल केलं तर?" एका हरणाने भीतभीत विचारले.

"संध्याकाळी," असे म्हणून रानडुक्कर जांभळीखाली आडवे झाले, आणि हरणाने मान डोलवायच्या आत घोरूही लागले.

तात्पर्य : उन्हाशी पैज लावणाऱ्याची ताकद वाया जाते, वेळ पाहून राबणारा आणि वेळेवर विसावणारा काम तडीस नेतो.