रिकामी परतणारी गाडी

फार पूर्वीची गोष्ट आहे. घाटातली वाट तेव्हा बैलांच्या खुरांनीच पडलेली होती, आणि जकातनाक्यावरचा दिवा सोडला तर त्या वाटेवर दुसरा उजेड नव्हता.

घाटमाथ्यावरच्या एका गावात सगुणा नावाची बाई घोंगड्या विणून पोट भरत होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन अर्धं वर्ष दूरच्या रानांत असे. घरी ती आणि तिची लहानगी मुलगी ठकू, दोघीच.

एका हिवाळ्यात ठकूला ताप आला. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. उभी केली की पोरगी भिजलेल्या लोकरीसारखी खाली बसायची.

घाटाच्या पायथ्याशी गरम पाण्याचं कुंड होतं आणि कुंडाजवळ एक वैद्य राहत होते. सगुणा पोरीला घेऊन त्यांच्याकडे जायला निघाली. गावाच्या वेशीवर गाड्यांचा तळ होता. त्या दिवशी बाजार होता. तळावर जी पहिली गाडी दिसली तीत ती बसली. भाडं विचारायचं तिला सुचलंच नाही.

वैद्यांनी ठकूचे पाय दाबून पाहिले, वाकवून पाहिले. मग ते म्हणाले, "पाय परत येतील, बाई. पण दर पंधरवड्याला हिला कुंडावर आणावी लागेल. पाण्यात बसवून मी तेल चोळीन, रात्री इथंच मुक्काम करायचा. मध्ये खाडा पडला तर मागची मेहनत वाया जाईल. मला तेलापुरतं दिलंत तरी पुरे."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आली तर गाडीवान भाड्यासाठी उभा होता. त्यानं जे मागितलं, ते एका अख्ख्या घोंगडीच्या किमतीएवढं होतं.

"एवढं?" सगुणानं विचारलं.

"आज बाजार आहे, बाई. गाड्या मिळत नाहीत. आणि तुमच्या एकटीसाठी घाट उतरलो. तुम्ही तर इथं मुक्काम करणार, मग परत वर जायला मला गिऱ्हाईक कुठलं?"

तिनं निमूटपणे पैसे दिले. पण दुसऱ्या दिवशी गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून घरी आल्यावर तिला घास जाईना. एक घोंगडी विणायला तिला पंधरवडा लागे. दर पंधरवड्याची घोंगडी गाडीनं खाल्ली, तर घरात चूल कशावर पेटणार? आणि गाडी सोडली, तर पोरीचे पाय?

पुढची खेप जवळ आली तशी ती गाडीतळावर जाऊन नुसती उभी राहिली. कुणाशी काय बोलावं ते तिला कळेना. तिथं चिंचेखाली एक म्हातारी ताक विकत बसायची. तिनं सगुणाला हाक मारली.

"पोरी, ताक घे आणि काय झालंय ते सांग."

सगुणानं सगळं सांगितलं. म्हातारी हसली नाही, की तिला वेड्यातही काढलं नाही. म्हणाली, "बाजाराच्या दिवशी गाडी करू नये. त्या दिवशी ज्याला त्याला घाई असते आणि घाईचं भाडं दुप्पट. गाडीत बसायच्या आधी बोलावं, उतरल्यावर नव्हे. आणि गाडी कुठून आलीय ते आधी बघावं. त्या पांढऱ्या धुळीच्या गाड्या दिसतात ना, त्या खालून मीठ घेऊन येतात. मीठ उतरलं की रिकाम्या जातात. त्यांना घाट उतरायचाच असतो. तू बसलीस काय न बसलीस काय. तिथं कमी भाड्यात काम होईल."

"माझ्या एकटीसाठी घेतील?"

"एकटी कशाला? त्या बाजूला जाणारे रोज इथं उभे असतात. तोंड उघडून विचारत नाहीत, म्हणून जो तो वेगळी गाडी करतो."

सगुणानं तिथंच दोघांना विचारलं. एक होता बांगड्यांची पेटी घेऊन खालच्या गावांत फिरणारा कासार. दुसरे होते दुखऱ्या गुडघ्यांसाठी कुंडावर जाणारे एक म्हातारबाबा. दोघांनाही खालीच जायचं होतं. तिघांनी मिळून मिठाच्या गाडीवाल्याला गाठलं. त्याचं नाव धाकू. अंगानं आडवा, बोलायला थोडा, आणि बैलांशी मात्र सारखं काहीतरी बोलत राहणारा. त्यानं भाडं सांगितलं. तिघांत वाटलं, तर पहिल्या खेपेच्या मानानं सगुणाच्या वाट्याला पाव भागही आला नाही.

घाट उतरताना ती मनातल्या मनात त्या म्हातारीला, कासाराला, म्हातारबाबांना आणि धाकूलाही दुवा देत होती. ठकू बैलांची शिंगं मोजायचा खेळ खेळत होती. ती माणसं कुठली कोण जाणे, पण त्या दिवशी सगुणाला ती नात्यातली वाटली.

असे काही महिने गेले. ठकू भिंतीला धरून उभी राहू लागली.

आता सगुणाला गाड्यांचं सगळं कळायला लागलं होतं. पावसाळी हवेत भाडं किती चढतं, सणाच्या आदल्या दिवशी किती, सुगीत किती, हे ती घरी चुलीपुढं बसून आधीच सांगे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. बायका तिला विचारायला येत. तिला बरं वाटे. आणि माणसाला बरं वाटायला लागलं की ते आणखी थोडं हवंसं वाटतं.

एकदा ती धाकूला म्हणाली, "दादा, तुम्हाला तर रिकामंच जायचं असतं. थोडं कमी करा."

धाकूनं ठकूकडं पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्या खेपेला ती पुन्हा म्हणाली, "आणखी थोडं." त्यानं पुन्हा मान डोलावली. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. कासार आणि म्हातारबाबा खूश होते. सगुणानं वाचलेल्या पैशांतून उत्तम लोकर घेतली. धाकू अलीकडं बैलांशीही फारसं बोलत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण तिनं ते तिथंच सोडून दिलं.

मग एका खेपेला उतारावरच्या कातळावर उजवीकडचा बैल घसरला. तो गुडघ्यांवर आला, गाडी एका अंगाला कलली आणि दरीकडचं चाक वाटेच्या कडेला जाऊन टेकलं. धाकूनं उडी मारून जुवाखाली खांदा दिला. त्याच्या मानेच्या शिरा दोरांसारख्या ताठ झाल्या. कासार आणि म्हातारबाबा उतरले, सगुणानं ठकूला ओढून बाहेर काढलं, आणि मग सगळ्यांनी मिळून गाडी आत रेटली.

बैलाचा खूर फाटला होता. त्याच्यावरची लोखंडी पत्री झिजून कागदासारखी झाली होती आणि अर्धी तुटून पडली होती.

"पत्री बदलली नव्हती?" कासारानं विचारलं.

धाकू बैलाचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. खाली मान घालूनच तो म्हणाला, "दोन महिने बदलीन बदलीन म्हणतोय. जमलं नाही."

का जमलं नाही, हे कुणी विचारलं नाही. सगुणाला विचारायची गरजच नव्हती. तिच्या कंबरेला पैशांची पिशवी होती. ती एकदम जड लागायला लागली.

गाडी पुढं जाणार नव्हती, आणि कुंड अजून बरंच खाली होतं. खाडा पडला तर मागची मेहनत वाया, असं वैद्य म्हणाले होते. सगुणानं ठकूला पाठीवर घेतलं, पण उतार निसरडा होता. काही पावलांतच तिचा पाय घसरला.

धाकू उठला. बैल झाडाला बांधले, कासाराला त्यांच्याजवळ थांबायला सांगितलं आणि ठकूला उचलून खांद्यावर घेतलं.

"दादा, तुमचा बैल..." सगुणा म्हणाली.

"बैलाला बसायचंच आहे आता. पोरीला जायचंय."

"पण आजचं भाडं आता कसलं घेणार तुम्ही?"

धाकू चालतच होता. म्हणाला, "भाडं वैद्यांच्या दारापर्यंतचं ठरलंय. दार अजून आलं नाही."

म्हातारबाबा काठी टेकत मागून येत होते, ठकू धाकूच्या डोक्याला धरून बसली होती, आणि सगुणा सगळ्यांच्या मागं रडत चालली होती.

त्या दिवशी ठकूला वेळेवर तेल लागलं.

दुसऱ्या दिवशी परतताना सगुणाला धाकू घाटातल्या लोहाराच्या पालापाशी दिसला. बैलाच्या खुराला हळदीचा लेप होता. तिनं आपल्या अंगावरची घोंगडी काढून बैलाच्या पाठीवर घातली आणि धाकूसमोर बसली.

"दादा, एक विचारते. एक खेप करायला तुम्हाला किती लागतं?"

धाकू गोंधळला. "म्हणजे?"

"वैरण, पत्र्या, चाकाचं वंगण, नाक्यावरची जकात. आणि घरी न्यायची भाकर. सगळं धरून."

धाकूनं बैलाच्या पाठीवरची घोंगडी नीट केली. मग म्हणाला, "इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी कमी किती कराल, एवढंच विचारलं. लागतं किती, हे तुम्हीच विचारताय." आणि त्यानं सगळं सांगितलं.

"मग इतके दिवस मला 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"पोरगी दर खेपेला थोडी जास्त उभी राहायची," तो म्हणाला. "ते बघितलं की 'नाही' म्हणता यायचं नाही."

सगुणानं त्याला वाकून नमस्कार केला. तो संकोचून उठून बैलाकडं गेला.

गावात येताच ती गाडीतळावर गेली. ताकवाल्या आजीच्या शेजारी बसून तिनं खाली जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. माहेरी जाणारी एक सून भेटली, दोघं जाळी विणणारे भेटले, कुंडावर जाणारी आणखी एक म्हातारी भेटली. ती त्यांना सांगायची, "ठरलेल्या दिवशी धाकूदादांची गाडी जाते. भाडं ठरलेलं आहे, त्यात घासाघीस करायची नाही. पण माणसं वाढली की तेच भाडं जास्त जणांत वाटलं जातं."

पहिल्याच भरल्या खेपेला सगुणानं हिशेब करून पाहिला. घासाघीस करून ती जे देत होती, त्याहून तिच्या वाट्याला किंचितच जास्त आलं होतं. धाकूला मात्र पूर्वीच्या दुप्पट मिळालं. दोन्ही बैलांच्या खुरांवर नव्या पत्र्या होत्या, आणि धाकू त्यांच्याशी पुन्हा बोलत होता.

वर्ष भरायच्या आत ठकू चालायला लागली. ज्या दिवशी ती वैद्यांच्या ओसरीवरून आपल्या पायांनी उतरून अंगणात आली, त्या दिवशी गाडीतल्या सगळ्यांनी तिच्या हातावर काही ना काही ठेवलं. कुणी गूळ, कुणी फुलं, कासारानं हिरव्या बांगड्या. धाकूनं काही दिलं नाही. त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

पुढं त्या तळावरच्या इतर गाडीवानांनीही आपापले दिवस आणि भाडी ठरवून टाकली. एकटीदुकटी बाईसुद्धा निर्धास्तपणे घाट उतरू लागली. सगुणाची पोर बरी झाली तरी सगुणा दर आठवड्याला तळावर येत राहिली. अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, त्यांना भाडं समजावून सांगायचं, आणि गाडी निघाली की हात जोडायचे. कुणी विचारलं, "आता तुमचं काय काम इथं?" तर ती म्हणे, "माझी पोरगी चालते, ती या सगळ्यांमुळं. तेवढं तरी फेडू द्या."

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: खर्च सोबत्यांत वाटून वाचवावा, दुसऱ्याच्या घासातून काढून वाचवू नये.