दर्याचा वाटा

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका कोळ्यांच्या गावानं कलमा पढला. सगळं गाव मुसलमान झालं. चांगुणाची जैनब झाली. जाळी तीच, होड्या त्याच, कालवणही तेच, बरं का. पण पावसाळा सरला की होड्या सोडायच्या आधी दर्याला अख्खा नारळ द्यायचे आणि त्याच्या पाया पडायचे, ते हसन तांडेलानं बंद केलं. हा होड्यांचा म्होरक्या, जैनबचा सासरा. म्हणाला, आता डोकं टेकायचं ते अल्लापुढं. ते बरोबरच. पण गड्यानं घराघरातले नारळसुद्धा उचलून नेले. कालवण पाणचट झालं. बायकांनी तेही गिळलं.

मग दर्या रुसला. मागं सरला तो थेट आभाळाच्या कडेला जाऊन बसला. होड्या चिखलात रुतल्या. मासळी नाही, चूल नाही, पोरं रडून थकली.

मग तांडेल चिखल तुडवत गेला आणि त्यानं दर्याला दटावलं. दर्या आणखी मागं सरला.

मग जैनबची सासू गेली, तांडेलानं नेलेल्यातलाच एक नारळ पदराआड लपवून. पाया पडताना सारखी वळून बघत होती, कुणी बघतंय का. दर्यानं नारळ तिच्या अंगावर परत फेकला. चोरून दिलेलं कोण घेतं?

मग जैनब उठली. तोच नारळ घेतला आणि भरदुपारी, सगळ्या गावादेखत निघाली. तांडेल आडवा आला.

ती म्हणाली, "मामंजी, बाजूला व्हा. कलमा मीही पढलेय."

कमरेएवढ्या चिखलातून गेली. दर्यापुढं ताठ उभी राहिली.

दर्या म्हणाला, "पाया पड."

"नाही पडणार. तू देव नाहीस. शेजारी आहेस."

"शेजाऱ्याला काय मिळतं?"

"वाटा. शेजाऱ्याला उपाशी ठेवून आम्ही जेवत नाही. पण आधी पोरांना, मग तुला. तुझ्यापायी उपाशी आहेत ती."

दर्याला पोरांचं ठाऊकच नव्हतं. मग काय, मान खाली घालून आला की तिच्या मागोमाग गावापर्यंत. होड्या डुलायला लागल्या.

जैनबनं बिस्मिल्ला म्हटलं आणि नारळ होडीच्या नाकावर फोडला. खोबरं पोरांना वाटलं. एक तुकडा आणि सगळं पाणी दर्याला दिलं. तांडेल बघत राहिला, मग त्यानंही हात पुढं केला. त्यालाही मिळालं, पण पोरांनंतर. घराघरातले नारळ मात्र त्यानं बायकांच्या शिव्या खातच परत दिले.

तेव्हापासून त्या गावात असंच चालतं. पाया कुणी पडत नाही, वाटा कुणी चुकवत नाही. दर्या जागेवर आहे, मासळी जाळ्यात आहे, पोरं पोटभर जेवून निजली आहेत. आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा. कुणी हूं की चूं केलंत तर माझ्याशी गाठ आहे.