ककणेरीचा घोव

तुम्ही कधी झाडावर टकटक करून विचारलंय का, की आत कोणी आहे का? आमच्या धामणखोलात विचारतात. का विचारतात, ते सांगते. जवळ येऊन बसा.

आज जे म्हातारे आहेत त्यांच्या आज्यांनाही ज्याची फक्त गोष्ट ठाऊक होती, अशा काळी धामणखोलात रवळू नावाचा तारी होता. तारी म्हणजे नदीवर होडी चालवून माणसांना पलीकडे नेणारा. गावाच्या मागे डोंगर आणि पुढे नदी. उन्हाळ्यात ती गुडघाभर असायची, पण पावसात पलीकडचा काठ दिसायचा नाही. बाजार, मीठ, सुईण, सगळं पलीकडे. रवळूची होडी जुनी होती. आदल्या पावसात ती मधोमध फुटली. तेव्हा तिच्यात सुईण होती आणि घरी रवळूची बायको सगुणा कळा देत होती. सुईण पोहून वाचली, पण मागे परतली. ते मूल राहिलं नाही.

आता सगुणा पुन्हा पोटुशी होती आणि दिवस पावसाच्या तोंडावर भरत होते. त्याआधी नवी होडी व्हायलाच हवी होती. होडी एकाच खोडाची कोरायची, आणि तेवढ्या घेराचा रानआंबा गावात एकच होता, नदीच्या वळणावरचा. गावाने तो रवळूला दिला.

शिमगा झाल्यावर रवळू कुऱ्हाड घेऊन गेला. खोड भरीव आहे की पोकळ, हे तारी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून, कान लावून ओळखतात. त्याने तीनदा ठोकलं. बुंधा भरीव होता. पण वरून कुठूनतरी उत्तर आलं. टक, टक, टक.

असं म्हणतात, की रवळूच्या हातातली कुऱ्हाड तिथेच गळून पडली.

तो वर चढला. माणसाच्या कमरेएवढ्या जाड फांदीखाली एक ढोली होती, तिचं तोंड चिखलाने लिंपलेलं. मध्ये बोटभर फट, आणि फटीतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलेलं. ती ककणेर होती. पुस्तकात या पक्ष्याला धनेश म्हणतात. हिची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. आत तिच्या पंखांची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो.

रवळू खाली उतरला तो घामाने भिजून. दोनच दिवसांपूर्वी त्याने उंबरावर बसलेला ककणेर गोफणीने पाडला होता. वल्ही मारून त्याचा खांदा दुखायचा, आणि ककणेराच्या चरबीचं तेल सांध्यांना उतारा, असं तेव्हा सगळेच मानायचे. तेलाची बुधली त्याच्या घरी फळीवर होती.

त्याने सगळं सगुणेला सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "तिच्या घोवाक तू मारलंस. आता तिका खावक कोण घालतलो?"

घोव म्हणजे नवरा.

दुसऱ्या दिवसापासून रवळू कमरेला करंडी बांधून झाडावर चढू लागला. उंबरं, पायरीच्या रानझाडाची पिकलेली फळं, कधी एखादा सरडा. पहिले तीन दिवस चोच आत ओढली जायची. चौथ्या दिवशी तिने त्याच्या बोटांतून उंबर घेतलं. काही दिवसांनी फटीत दुसरी, इवलीशी चोच दिसली.

गाव हसलं. पाणवठ्यावर लोक विचारायचे, "काय रे ककणेरीच्या घोवा, आज बायलेक काय घेवन चललंस?"

"उंबरां," रवळू म्हणायचा. "तुझी बायल तुझ्या हातचा काय खाता, ता सांग."

पण दिवस सरले तसं हसू आटलं. गावकार, म्हणजे गावाचा मुख्य, स्वतः त्याच्या अंगणात आला. "पावसाक दीड म्हयनो उरलो. झाड उभा आसा, कुऱ्हाड तुझ्याकडे आसा. मग अडला खंय?"

"आत बाळंतीण आसा, गावकारानू," रवळू म्हणाला.

गावकाराने सगुणेकडे पाहिलं आणि चपला घातल्या. बाळंतिणीचं घर मोडायला सांगणार कोण?

पुढे ऊन वाढलं आणि जवळची उंबरं संपली. रवळू रोज लांब जाऊ लागला. असं म्हणतात, की डोंगरातले दुसरे ककणेर त्याच्या डोक्यावरून उडायचे, त्यांच्या पंखांचा आवाज सुपात भात पाखडल्यासारखा यायचा, आणि तो त्या आवाजामागे जायचा. जिथे ते बसत तिथे फळ असे. असाच तो एकदा ज्या दरीत कोणी उतरत नसे तिथे उतरला. तिथे एक रानआंबा आडवा पडला होता. कधीतरी वादळाने उपटलेला, नदीवरच्या आंब्यापेक्षा दोन वीत जाड. रवळूने तीनदा ठोकलं आणि कान लावला. भरीव होता. आतून कोणी बोललं नाही. तो तिथेच बसून रडला, असं म्हणतात.

मग सगळं गाव दरीत उतरलं. हसणारे सगळ्यांत पुढे होते. खोड तिथेच वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, कोरून हलकं केलं, वेलींचे दोर लावले आणि कोरड्या ओढ्यातून ओंडक्यांवर घरंगळत आणलं. ओढताना रवळूचा खांदा एकदाही दुखला नाही. तेलाची बुधली सगुणेने केव्हाच नदीकाठी पुरली होती.

होडी धक्क्याला लागली त्याच संध्याकाळी ढोलीचं दार फुटलं. आधी आई बाहेर आली, मग पिल्लू. पिल्लू फांदीवर डुगडुगलं आणि उडालं. खाली उभ्या माणसांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

आजूबाजूच्या डोंगरांवरची जुनी झाडं आता गेली. ढोल्या गेल्या तसे ककणेरही गेले. धामणखोलात ते अजून आहेत. इथे कुठल्याही झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी तीनदा ठोकतात आणि रवळूची आठवण म्हणून "रवळू, आत कोण आसा?" असं विचारून थांबतात. शिमग्यापासून पावसापर्यंत कोणी गोफण हातात घेत नाही. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाने उंबराचं एक रोप लावतात. नदीवर आता पूल आहे, पण वळणावरचा आंबा वाचावा म्हणून रस्ता त्याला वळसा घालून नेला आहे.

आणि त्या वर्षीचं सांगायचं तर, पिल्लू उडालं त्या रात्री डोंगरात पाऊस झाला, नदी चढली आणि सगुणेला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रवळूने नवी होडी पाण्यात लोटली, पलीकडून सुईणीला घेऊन आला, आणि ऊन अंगणात यायच्या आत सगुणेला मुलगी झाली.